झोपवायचं की जागं ठेवायचं?

'डॉक्टर, अजून किती दिवस झोपवून ठेवणार?' डोक्याला जबर मार लागलेल्या पेशंटचे नातेवाईक आयसीयूच्या दाराशी हटकून विचारतात. एके काळी अशा पेशंटला झोपवायचंच नाही, असा दंडक होता.

जुन्या सर्जनांना दुखणं थांबवून गुंगी आणणाऱ्या मॉर्फिनची धास्ती होती, आणि ती उगाच नव्हती. मॉर्फिनने श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बंद कवटीतला दाब वाढतो. शिवाय डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. माणसावर पहिला सीटी स्कॅन झाला 1971 मध्ये. तोवर आत रक्तस्राव वाढतोय का, हे बहुतेकदा टॉर्च मारून बाहुल्यांवरून ओळखायचं. 1974 मध्ये टीसडेल आणि जेनेट या न्यूरोसर्जननी पेशंट किती शुद्धीवर आहे हे मोजणारी ग्लासगो कोमा स्केल आणली. तिचीही मदार डोळे, बोलणं आणि हातापायांची हालचाल यांवरच. पेशंट गुंगीत असेल तर ती मोजायची कशी?

व्हेंटिलेटर आला आणि श्वासाची भीती सरली. खरी कलाटणी मात्र स्वीडनचे न्यूरोसर्जन निल्स लुंडबर्ग यांची. कवटीतला दाब सतत मोजण्याचं त्यांचं काम 1960 मध्ये प्रसिद्ध झालं. आता मॉनिटरवर दिसू लागलं, की नर्सने नळीतून कफ ओढला, पेशंट खोकला, की आकडा झर्रकन वर चढतो. म्हणजे झोपवणं हाच उपचाराचा भाग ठरला.

मग औषधांची रांग लागली. मेंदूची ऑक्सिजनची गरज घटवणाऱ्या बार्बिट्युरेट्स या गाढ झोपेच्या औषधांचा सत्तरच्या दशकात बराच गाजावाजा झाला. 1985 च्या चाचणीत सरसकट देऊन फायदा दिसला नाही, उलट रक्तदाब कोसळण्याचे प्रसंग वाढले. आता इतर उपायांना दाद न देणाऱ्या दाबासाठीच ती राखून ठेवतात. 1986 मध्ये ब्रिटनमध्ये प्रोपोफॉल हे शिरेतून द्यायचं भुलीचं औषध बाजारात आलं. बंद केलं की पेशंट लवकर शुद्धीवर येतो, तपासता येतो. न्यूरोसर्जनना हवं होतं तेच. पण 2001 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी डोक्याला मार लागलेल्या प्रौढांचे प्रोपोफॉलच्या मोठ्या डोसवर हृदय बंद पडून झालेले मृत्यू नोंदवले, आणि तासाला किलोमागे 5 मिलिग्रॅमची लक्ष्मणरेषा आखली गेली.

केटामाइन या भुलीच्या औषधावर मात्र अन्यायच झाला म्हणायचा. कवटीतला दाब वाढवतं म्हणून सत्तरच्या दशकात ते वाळीत पडलं. व्हेंटिलेटरवर, इतर गुंगीच्या औषधांसोबत दिलं तर तसं होत नाही, हे पटायला काही दशकं गेली.

या सगळ्यात दुखण्याकडे लक्ष गेलं सर्वांत उशिरा. न बोलू शकणाऱ्या पेशंटची वेदना चेहरा, हात आणि व्हेंटिलेटरशी होणारी झटापट यांवरून मोजणारी मोजपट्टी फ्रान्समध्ये 2001 च्या सुमारास तयार झाली. पण मेंदूला इजा झालेली माणसं दुखलं तरी कपाळाला आठ्या घालतीलच असं नाही. कधी नुसते डोळे उघडतात, चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येतं.