क्रिटिकल इलनेस की टर्मिनल इलनेस? क्लेम टाकण्याआधी हे बघा

कॅन्सरचं निदान झालं की घरातलं कुणीतरी पॉलिसीची फाईल काढतं. क्रिटिकल इलनेस आणि टर्मिनल इलनेस, दोन्हींत माणूस हयात असताना पैसे मिळतात, म्हणून ती एकच समजली जातात. चुकीचा क्लेम टाकला जातो तो इथंच.

क्रिटिकल इलनेसमध्ये कंपनी बघते फक्त आजाराची व्याख्या. पेशंट ठणठणीत बरा होणार असला तरी ठरलेली रक्कम एकदम मिळते. हॉस्पिटलच्या बिलाशी तिचा संबंध नाही. पण व्याख्या अक्षरशः लावतात. बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘कार्सिनोमा इन सीटू’ (जागेवरच असलेला, न पसरलेला कॅन्सर) असेल, तर बहुतेक पॉलिसींत क्लेम बसत नाही. ‘इन्व्हेजिव्ह’ (आजूबाजूच्या भागात शिरलेला) असेल तर सहसा बसतो. म्हणून फॉर्म भरण्याआधी रिपोर्ट आणि पॉलिसीतली व्याख्या शेजारी ठेवून वाचा. पॉलिसी घेतल्यापासून साधारण ९० दिवसांत निदान झालं तर पैसे नाहीत, आणि निदानानंतर बऱ्याच ठिकाणी पेशंट ३० दिवस हयात असावा लागतो.

टर्मिनल इलनेसला आजाराच्या नावापेक्षा डॉक्टरांचा दाखला महत्त्वाचा: आता उपचारांचा उपयोग नाही, आयुष्य बहुधा सहा महिन्यांहून कमी. तेव्हा टर्म प्लॅनची (ठरावीक मुदतीच्या आयुर्विम्याची) मृत्यूनंतरची रक्कमच आधी हातात येते. ती पूर्ण दिली की पॉलिसी संपते, हे घरच्यांना आधीच माहीत हवं.

क्रिटिकल इलनेस रायडरमध्येही (मूळ पॉलिसीला जोडलेल्या जादा कव्हरमध्ये) एक मेख आहे. एक कोटीच्या प्लॅनवर २० लाखांचा रायडर ‘ॲक्सिलरेटेड’ असेल, तर क्लेमनंतर ८० लाखच उरतात. ‘ॲडिशनल’ असेल तर कोटी शाबूत.

कळकळीनं सांगते, उपचारांच्या धावपळीत हप्ता चुकवू नका. कंपनीचं लेखी पत्र येईपर्यंत भरत राहा. तीन वर्षं झालेल्या आयुर्विमा पॉलिसीवर कंपनी ‘माहिती लपवली’ असा आक्षेप घेऊ शकत नाही (विमा कायदा, कलम ४५). पण हप्ता चुकून पॉलिसी लॅप्स (बंद) झाली आणि पुन्हा चालू केली, तर ही तीन वर्षं नव्यानं मोजतात. डिस्चार्ज कार्डवरची हिस्ट्रीही घरी निघण्याआधी वाचा. घाईत ‘डायबिटीस, ८ वर्षं’ असं चुकून लिहिलं गेलं, तर तिथंच दुरुस्त करून घ्या, नाहीतर आजार लपवल्याचा आक्षेप त्यावरूनच येऊ शकतो.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) जा; पुण्यात नारायण पेठेत एन. सी. केळकर रस्त्यावर त्यांचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षभरात जायला हवं.