लेह-यारकंद वाटेचं पाणी

ठाण्याच्या ट्रेकरला जुनी व्यापारी वाट म्हटलं की नाणेघाट आठवतो. मुरबाडच्या बाजूने चढ, सातवाहनांची लेणी, जकातीचा रांजण आणि कातळात खोदलेली टाकी. चार महिन्यांचा पाऊस टाक्यांत धरायचा आणि उरलेलं वर्ष वाटसरूंना पाजायचा. लडाखला निघताना हा हिशोब घरीच ठेवावा. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, लेहला जेमतेम शंभर. टाक्यात धरणार काय?

तिथलं पाणी बर्फ वितळून येतं, तेही ऊन तापल्यावर. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारनंतर ओलांडवत नाही. गावांत हे पाणी पाटांनी शेतापर्यंत नेतात. कुणाची पाळी कधी हे छुरपोन ठरवतो. (आपल्या पाटकऱ्याचा हा लडाखी भाऊबंदच.)

लेहहून यारकंदला (आता चीनच्या शिनजियांग प्रांतात) जाणाऱ्या व्यापारी काफिल्यांचा मार्गही पाण्यानेच ठरवला. उन्हाळ्यात श्योक नदी फुगली की तिचं खोरं बंद. मग खारदुंग ला (ला म्हणजे खिंड), नुब्रा खोरं आणि पुढे ५,४११ मीटरचा हिमनदीवरचा सासेर ला. हिवाळ्यात नदी आटते, गोठते. तेव्हा थेट तिच्या पात्रातून, तिला पुन्हा पुन्हा ओलांडत जायचं. उन्हाळी वाट ताबिस्तानी, हिवाळी झमिस्तानी. दोन्ही शेवटी ५,५४० मीटरच्या काराकोरम खिंडीकडे जात.

खिंडीआधीच्या देपसांग पठारावर मात्र पाण्यापेक्षा चाऱ्याचा प्रश्न मोठा. गवत जवळपास नाहीच, म्हणून जनावरांचा दाणाही जनावरांवरच लादायचा. कितीतरी घोडे तिथेच पडले. त्यांच्या हाडांवरून पुढचे काफिले वाट ओळखत, असं त्या काळच्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय. तरीही पश्म (शालींसाठीची मऊ लोकर), चरस, रेशीम, गालिचे यांची ने-आण थांबली नाही. १८७० मध्ये जम्मू-काश्मीरचे महाराजा रणबीरसिंह आणि ब्रिटिश सरकार यांच्यात करार होऊन हा मार्ग व्यापाऱ्यांना मोकळा झाला, देखरेखीला लेहमध्ये दोन्ही बाजूंचे आयुक्त बसले.

१९४९ मध्ये शिनजियांगमध्ये कम्युनिस्ट सत्ता आली आणि हा व्यापार संपला. नुब्रातल्या हुंदरच्या वाळूत पर्यटक ज्यांच्यावर बसतात ते दोन मदारींचे उंट त्याच काफिल्यांचे वंशज.

सैन्यासाठी बांधलेला, काराकोरम खिंडीजवळच्या लष्करी ठाण्यापर्यंत जाणारा दारबुक–दौलत बेग ओल्डी रस्ता बराचसा त्या हिवाळी वाटेनेच, श्योकच्या कडेने जातो. तो बारमाही व्हावा म्हणून नदीवर पूल लागले. त्यांतला मोठा, कर्नल चेवांग रिंचेन सेतू, ऑक्टोबर २०१९ मध्ये खुला झाला.