जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची आहे? आधी चेसिस नंबर वाचा

व्हिंटेज नोंदणीचा अर्ज भरणं सोपं आहे. अवघड आहे ते, समोर उभी असलेली गाडी कागदावरचीच आहे का आणि इतक्या वर्षांत तिच्यातलं काय काय बदललं, हे शोधणं. हे काम अर्जाआधी उरका, असा माझा आग्रह आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021 मध्ये ही तरतूद आली. दुचाकी किंवा चारचाकी चालते, परदेशातून आणलेलीही चालते. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली हवीत. गाडी मूळ रूपात असावी. चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी शेल (बाहेरचा पत्र्याचा ढाचा) किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा. वर्षं पहिल्या नोंदणीपासून मोजायची, कारखान्यात बनल्यापासून नव्हे. त्यामुळे जुन्या आरसी बुकातली ती एक तारीख फार मोलाची.

आता ओळख. आजचा अक्षरं-आकड्यांचा 17 चिन्हांचा चेसिस नंबर 1981 च्या सुमारास रूढ झाला; त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. बॉनेटखालची प्लेट रिव्हेटनं बसवलेली असते, म्हणजे ती काढून दुसऱ्या गाडीलाही लावता येते. खरा भरवसा चेसिसच्या धातूवरच ठोकलेल्या नंबरावर. गंज किंवा रंगाखाली तो दबला असेल तर रंग काढायचं द्रावण आणि मऊ ब्रश वापरा. ग्राइंडर अजिबात नको, आणि पुसट आकडे पुन्हा ठोकून घेणं तर मुळीच नको: त्यानं गाडी कायमची संशयात येते. नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घ्या आणि आरसीशी एकेक आकडा ताडून पाहा. 1928 ते 1931 मधल्या फोर्ड मॉडेल ए ला इंजिनावरचाच नंबर फ्रेमवरही ठोकलेला असतो, पण तो बॉडीखाली झाकला जातो. अशा गाडीत फक्त इंजिन पाहून निष्कर्ष काढू नका.

इंजिन बदललेलं निघण्याची शक्यता आपल्याकडे बरीच, कारण स्वस्त इंधनापायी पेट्रोल गाड्यांना डिझेल इंजिनं बसवली गेली. 1960 च्या दशकातल्या अॅम्बॅसडरमध्ये डिझेल इंजिन दिसलं, तर ते नंतरचं हे नक्की. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असा बदल परवानगीनं करून आरसीत नोंदवायचा असतो. ती नोंद आहे का पाहा. जुनं इंजिन कोपऱ्यात पडलेलं असेल तर भंगारात देऊ नका. गाडी मूळ रूपात आणायचा तोच मार्ग आहे.

मॉरिस, ऑस्टिन, एमजी अशा गाड्यांसाठी इंग्लंडमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये कारखान्याच्या नोंदी आहेत. शुल्क भरून प्रमाणपत्र मागवता येतं आणि नोंद सापडली तर बांधणीची तारीख, मूळ इंजिन नंबर, रंग असे तपशील हाती येतात. अर्जाला ते सक्तीचं नाही, तरी मी मागवलंच असतं.

कागदपत्रं मोजकी आहेत: फॉर्म 20 (नोंदणीचा अर्ज), विम्याची पॉलिसी, शुल्क आणि जुनं आरसी, आयात गाडीला बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद). अर्ज सरकारच्या ‘परिवहन’ पोर्टलवरून होतो. आरसी हरवलं असेल तर आधी फॉर्म 26 भरून दुय्यम प्रत काढा. गाडी दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर फॉर्म 31 नं वारसाच्या नावावर करून घ्या.

नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, पुढच्या नूतनीकरणाचं 5,000. फॉर्म 23ए मधलं प्रमाणपत्र 60 दिवसांत मिळायला हवं. ते 10 वर्षं चालतं. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्यानं नोंदलेलीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढता येते. रोजचा वापर किंवा भाड्यानं देणं नियमात बसत नाही.