विस्कटलेल्या घडीचा निरोप

घडी विस्कटली असं आपण संसाराबद्दल म्हणतो. प्रथिनांची घडी मात्र खरोखरच विस्कटते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. ती ठरल्याप्रमाणे दुमडली तरच कामाची. ‘अकिता’ जातीच्या उंदरात इन्सुलिनच्या माळेतलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. तेवढ्याने घडी चुकते आणि उंदराला मधुमेह होतो.

पेशीबाहेर जाणारी बहुतेक प्रथिनं आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पडद्याने वेढलेल्या पोकळ्यांच्या जाळ्यात, दुमडली जातात. तिथे मदतनीस प्रथिनं हाताशी असतात. पण चुकलेल्या घड्यांचा ढीग साचला तर? जादा मदतनीसांची जनुकं केंद्रकात, ढीग जालिकेच्या पडद्याआड. निरोप नेणार कोण?

हा प्रश्न धसाला लावला काझुतोशी मोरी या जपानी जीवरसायनशास्त्रज्ञाने. १९८९मध्ये ते अमेरिकेत डॅलसला गेले आणि त्यांनी प्रयोगाला साधं यीस्ट घेतलं. घडी बिघडवणारं ट्युनिकामायसिन हे औषध दिलं आणि निरोप केंद्रकात पोचला की यीस्ट निळा रंग धरेल, अशी त्यात सोय केली. मग शोधायच्या त्या औषध देऊनही पांढऱ्याच राहणाऱ्या यीस्टच्या वसाहती, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके. ज्यांच्यात निरोपाची तारच तुटली आहे, त्या ह्या! त्यातून आयआरई-१ हे प्रथिन हाती लागलं. सॅन फ्रान्सिस्कोत पीटर वॉल्टर यांचा गटही त्याच प्रथिनापाशी पोचला होता. दोन्ही शोधनिबंध १९९३चे.

आयआरई-१ पडद्यात आरपार रोवलेलं असतं, एक टोक जालिकेत, दुसरं बाहेर. आत ढीग वाढला की त्याचे रेणू एकमेकांजवळ येऊन जागे होतात. पुढचा भाग मला तरी सगळ्यात चक्रावणारा वाटतो. हॅक-१ नावाच्या प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ज्याच्यावरून प्रथिन बनतं ती जनुकाची नक्कल, यीस्टमध्ये आधीच तयार असतो, पण त्यात २५२ अक्षरांचा एक तुकडा पाचर मारल्यासारखा अडकलेला, म्हणून त्याच्यावरून प्रथिन बनत नाही. आयआरई-१चं बाहेरचं टोक तो तुकडा दोन्हीकडून कापतं आणि उरलेली टोकं दुसरंच एक विकर सांधतं. आरएनएची अशी कापाकापी एरवी केंद्रकात, वेगळ्याच यंत्रणेकडून होते. मोकळा झालेला निरोप वाचून हॅक-१ बनतं, केंद्रकात शिरतं आणि शेकडो जनुकं कामाला लावतं.

पुढे क्योतोत मोरींनी सस्तन प्राण्यांमधला हॅक-१चा भाऊबंद एक्सबीपी-१ असल्याचं दाखवलं. तिथली पाचर अवघी २६ अक्षरांची. वैद्यकीय संशोधनासाठीचा २०१४चा लास्कर पुरस्कार मोरी आणि वॉल्टर यांना विभागून मिळाला.

ही व्यवस्था फक्त संकटासाठीच नाही. प्रतिपिंडं स्रवणारी आपली पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडं बाहेर सोडते आणि त्या प्रत्येकाची घडी जालिकेतच बसते. ह्या पेशी बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींपासून बनतात; ज्या उंदरांच्या बी-पेशींतून एक्सबीपी-१ काढून टाकलं, त्यांच्यात ह्या पेशी जेमतेमच तयार झाल्या.