डावखुरेपणा आणि वाचाकेंद्र : पार्श्वभूमी

वाचाकेंद्र, म्हणजे बोलणे सांभाळणारा मेंदूचा भाग, डाव्या गोलार्धात असते, असे १८६५ मध्ये पॅरिसमधील एका शल्यचिकित्सकाने मांडले. त्यावरून डावखुऱ्यांचे वाचाकेंद्र उजवीकडे असणार, असा उफराटा नियम पुढच्या पिढ्यांनी बसवला. मूळ मांडणीत हात आणि वाचा यांची अशी गाठ मारलेली नव्हती.

१९२०-३० च्या दशकांत अमेरिकेत या नियमाला तोतरेपणाची जोड मिळाली. जीभ आणि जबडा मध्यरेषेवर असल्याने त्यांच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंना दोन गोलार्धांतून एकाच वेळी आज्ञा मिळाव्या लागतात. एका गोलार्धाचे वर्चस्व नसल्यास हा मेळ बिघडतो आणि डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने लिहायला लावल्यास ते वर्चस्वच ढळते, असा तो सिद्धान्त होता. पुढील तपासण्यांत तो टिकला नाही. मुलांवरची सक्ती मात्र त्याविनाही अन्याय्यच होती.

खरी उलथापालथ १९४९ नंतरची. गळ्यातील रोहिणीत, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिनीत, औषध टोचून एकेक गोलार्ध काही मिनिटे निष्क्रिय करण्याची चाचणी तेव्हा पुढे आली, आणि शस्त्रक्रियेपूर्वी वाचाकेंद्र कोणत्या बाजूला आहे हे थेट पाहता येऊ लागले. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, बालपणी डाव्या गोलार्धाला इजा न झालेल्या रुग्णांपैकी उजखुऱ्या ९६ टक्क्यांचे वाचाकेंद्र डावीकडे होते. डावखुऱ्यांतही ७० टक्क्यांचे डावीकडेच, १५ टक्क्यांचे उजवीकडे आणि १५ टक्क्यांचे दोन्हीकडे आढळले. उफराटा नियम येथेच कोसळला.

परंतु या आकड्यांतील ‘डावखुरे’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न आजही पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही. त्या गटात दोन्ही हात वापरणारेही धरले होते. लिहिण्याचा हात, चेंडू फेकण्याचा हात आणि कात्री धरण्याचा हात एकच असेल असे नाही. त्यामुळे केवळ लेखणीवरून डावखुरा ठरवणारा अभ्यास आणि अनेक कृतींवरून हाताच्या कलाची श्रेणी काढणारा अभ्यास यांची तुलना करताना आपण वेगवेगळ्या माणसांची तुलना करत असतो. २००० मध्ये ३२६ निरोगी व्यक्तींच्या मेंदूतील रक्तप्रवाह ध्वनिलहरींनी मोजताना अशी श्रेणी वापरली गेली, तेव्हा वाचेबाबत उजव्या गोलार्धाचे वर्चस्व ठाम उजखुऱ्यांत ४, मधल्या गटात १५ आणि ठाम डावखुऱ्यांत २७ टक्के आढळले. म्हणजे संबंध आहे, पण तो पायरीपायरीने वाढणारा.

२०१४ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या एका अभ्यासाने हा संबंधही आणखी आकुंचित केला : उजव्या गोलार्धाचे ठळक वर्चस्व केवळ डावखुऱ्यांच्या एका लहान गटात दिसले, आणि तो गट वगळता हात आणि वाचा यांची बाजू जुळणे निव्वळ योगायोगापलीकडे गेले नाही.