बोरोस संग्रह

जर्मनीतील बर्लिन शहराच्या मिट्टे भागात, राइनहार्टश्ट्रासे या रस्त्यावरील जुन्या हवाई-हल्ला बंकरमध्ये मांडलेला समकालीन कलेचा खासगी संग्रह. जाहिरात व्यवसायातील क्रिस्टियान बोरोस आणि त्यांच्या पत्नी, कला-इतिहासाच्या अभ्यासक कारेन बोरोस यांनी तो २००८ साली लोकांसाठी खुला केला. त्यांचे राहते घर याच इमारतीच्या गच्चीवर आहे. इथे येणारा माणूस त्यामुळे संग्रहालयात येतो की कोणाच्या घरी, हे नेमके सांगता येत नाही.

संग्रहाइतकीच, किंबहुना जास्तच, प्रसिद्धी इमारतीला मिळाली आहे आणि ते वावगेही नाही. नाझी राजवटीत, हिटलरचा प्रमुख वास्तुकार आल्बर्ट श्पेअर याच्या अखत्यारीत, कार्ल बोनात्स या वास्तुकाराने तिचा आराखडा केला. १९४३ मध्ये ती उभी राहिली. फ्रिडरिशश्ट्रासे स्थानकावरच्या रेल्वे प्रवाशांना बॉम्बहल्ल्यात आसरा मिळावा, हा हेतू. पाच मजले, सुमारे १२० बुटक्या खोल्या, जवळपास २ मीटर जाडीच्या भिंती आणि त्याहून जाड छत. गर्दी झटपट आत शिरावी म्हणून जिनेही दुहेरी, एकमेकांत गुंफलेले. युद्धानंतर सोव्हिएत सैन्याने तिथे युद्धकैदी कोंडले, पुढे कापडाचे कोठार झाले. १९५७ पासून पूर्व जर्मनीच्या सरकारने तिथे सुकी आणि उष्ण प्रदेशातली फळे साठवली. भिंतींच्या आत बाराही महिने गारवा असे. बर्लिनकरांनी तिला ‘केळ्यांचा बंकर’ म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून. जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९२ मध्ये तिथे टेक्नो संगीताचा नाच-क्लब आला आणि त्याच्या धुंद रात्रींचा बोलबाला झाला. १९९६ च्या सुमारास तोही बंद पडला.

क्रिस्टियान बोरोस यांचा जन्म १९६४ मध्ये पोलंडमधील झाब्झे येथे झाला. अठराव्या वर्षी त्यांनी जर्मन कलावंत योझेफ बॉइस यांची कलाकृती असलेले एक फावडे विकत घेतले आणि तिथून संग्रह सुरू झाला, असे सांगतात. २००३ मध्ये त्यांनी बंकर घेतला. ही वारसा-इमारत असल्याने बाहेरून हात लावायची सोय नव्हती. यन्स कास्पर यांच्या वास्तुसंस्थेने हिऱ्याच्या करवतींनी आतले काँक्रीट कापत १२० खोल्यांच्या ८० केल्या. काही ठिकाणी मजलेच काढून टाकल्याने खालून वर पाहिले की दोन-तीन मजल्यांची पोकळी दिसते. क्लबच्या काळ्या भिंती, जुन्या सूचना, अंधारात चमकणाऱ्या रंगाचे अवशेष मात्र मुद्दाम राखले आहेत.

सुमारे ३,००० चौरस मीटरच्या या जागेत दिवसाचा उजेड येत नाही. पांढऱ्या भिंतींच्या दालनात कोणतेही चित्र टांगता येते; इथे मात्र कलाकृतीला खोलीशी जमवून घ्यावे लागते. पहिल्या मांडणीत अनेक कलावंतांनी स्वतः येऊन आपली कामे लावली. ओलाफुर एलियासन यांचा रंगीत काचांचा गोल त्यात होता. दुसऱ्या मांडणीत आय वेवे यांचे मेलेल्या झाडांचे तुकडे जोडून केलेले उंच झाड होते, तर मिखाएल झाइलस्टोर्फर यांचे यंत्र सतत मक्याच्या लाह्या फोडत खोली भरत राहिले. साधारण चार वर्षांनी मांडणी बदलते.

‘लोकांसाठी खुला’ या शब्दांना इथे अटी आहेत. आधी वेळ ठरवावी लागते, लहान गटाने आणि मार्गदर्शकासोबतच फिरावे लागते, छायाचित्रे काढता येत नाहीत. ही रीत बर्लिनला नवी नव्हती: कलासंग्राहक हॉफमन दांपत्याने १९९७ पासून आपल्या घरातला संग्रह शनिवारी दाखवायला सुरुवात केली होती आणि तिथे पाहुण्यांना बुटांवर नमद्याच्या सपाता चढवाव्या लागत. पुढे तो संग्रह ड्रेसडेनच्या सरकारी संग्रहालयांना देण्यात आला.

२०२० मध्ये कोरोनामुळे बर्लिनचे क्लब बंद असताना बोरोस प्रतिष्ठानने बेर्गहाइन या प्रख्यात टेक्नो क्लबात शहरातल्या शंभराहून अधिक कलावंतांचे प्रदर्शन भरवले. तिथेही छायाचित्रांना मनाई होती.