टॉवर फुल्ल, तरी पान अर्धवट

पीकविम्याच्या दिवसांत आर्णी-घाटंजीकडच्या एखाद्या सेवा केंद्रावर गेलात, तर 'लिंक नाही, उद्या या' हे ऐकू येतंच. उद्या या म्हणजे शेतकऱ्याचा एक दिवस बुडाला. पण कित्येकदा लिंक असते. राउटरवर टॉवरच्या सगळ्या काड्या दिसतात, व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर जातो, फक्त साइटचं पान उघडत नाही किंवा सातबाऱ्याची पीडीएफ चढता चढता थांबते. लहान जातं आणि मोठं अडतं, असं दिसलं की अँटेना छपरावर चढवण्याआधी पॅकेटचा, म्हणजे ज्या तुकड्यांत माहिती नेटवर्कवरून जाते त्यांचा, आकार तपासावा.

इथरनेटवर एका पॅकेटची नेहमीची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. तिला एमटीयू म्हणतात. मोबाइल नेटवर्कमध्ये टॉवरपासून कंपनीच्या मुख्य यंत्रणेपर्यंत प्रत्येक पॅकेटवर आणखी एक वेष्टन चढतं. ते साधारण ३६ बाइटांचं असतं, आणि सुरक्षेसाठी कूटलेखन केलेलं असेल तर आणखी जाड. तेवढी जागा मूळ पॅकेटमधून कमी होऊ शकते. कंपनी ही लहान मर्यादा जोडणीच्या वेळी कळवू शकते. काही डोंगल आणि राउटर मात्र १५०० धरूनच चालतात.

यावर उपाय १९९० मध्येच ठरला होता. पाठवणारा 'तुकडे करू नका' अशी खूण लावून पॅकेट सोडतो. वाटेतल्या राउटरला ते मावलं नाही, तर तो ते टाकून देतो आणि किती आकार चालेल हे उलट कळवतो. हा निरोप आयसीएमपीतून, म्हणजे नेटवर्कमधल्या अडचणी कळवणाऱ्या संदेशांच्या पद्धतीतून, येतो, आणि काही ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं. ही सवय सोडायलाच हवी, कारण तिचा भुर्दंड टोकाच्या गावाला बसतो. निरोप पोचत नाही, म्हणून सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. जोडणी जुळवणारी सुरुवातीची पॅकेटं इवलीशी असतात, ती पार होतात. मग सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र येतं, ते मोठं असतं, आणि स्क्रीनवर चक्र फिरत राहतं.

तपासणी सोपी आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर पिंग (पॅकेट पाठवून उत्तर येतं का हे पाहणारी आज्ञा), डॅश ४, डॅश एफ, डॅश एल १४७२ आणि पुढे पिंगला उत्तर देणाऱ्या एखाद्या साइटचा पत्ता द्यावा. १४७२ मध्ये पिंगच्या शीर्षकांचे, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीला जोडलेल्या पत्त्यासारख्या माहितीचे, २८ मिळवले की १५०० होतात. 'तुकडे करावे लागतील' अशा अर्थाचा संदेश आला, तर निरोप देणारं कोणी तरी आहे. मोठ्याला नुसतंच 'टाइम्ड आउट' आणि लहानाला लगेच उत्तर, असं झालं तर संशय पक्का. आकडा कमी करत जा. समजा १४०० जातो, १४०१ अडतो, तर एमटीयू १४२८. लहान पिंगही गळत असतील, तर दुखणं टॉवरचं किंवा गर्दीचं.

मिळालेला एमटीयू राउटरच्या सेटिंगमध्ये भरावा. एमएसएस क्लॅम्पिंगची सोय असेल तर तीही चालू करावी. मग समोरचा सर्व्हर पहिल्यापासूनच लहान पॅकेट पाठवतो. वेग घटेल ही भीती नको: साइटच्या पानांच्या पॅकेटवरच्या ४० बाइटांच्या शीर्षकांचा वाटा १५०० मध्ये सुमारे २.७ टक्के, १२८० मध्ये ३.१ टक्के. मात्र १२८० च्या खाली उतरू नये, आयपीव्ही६ ला (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीला; जुनी आयपीव्ही४) किमान तेवढं लागतंच.

व्हीपीएन (इंटरनेटवरची कूटलेखन केलेली खासगी वाट) वापरत असाल तर त्याचं वेष्टन वेगळं धरा. वायरगार्ड हे व्हीपीएन आयपीव्ही४ वर ६० आणि आयपीव्ही६ वर ८० बाइट घेतं. म्हणजे १४२८ च्या वाटेवर त्याचा एमटीयू अनुक्रमे १३६८ किंवा १३४८ ठेवावा.